दोन पोर्ट आणि एक साधा स्विच

वाचकांचे प्रश्न : ऑफिसातलं नेटवर्क

प्रश्न : ताई, कराडजवळ आमचं फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. डिझाइनला तिघं बसतात, मशीनला रिपचा, म्हणजे फाइल छपाईसाठी तयार करणारा, एक कॉम्प्युटर आहे आणि बिलिंगचा एक. आतापर्यंत फायली पेन ड्राइव्हवरून फिरायच्या. आता चार डिस्कचा नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फायली नेटवर्कवर एका जागी ठेवणारा डबा, घेतला. त्याला मागे दोन लॅन पोर्ट आहेत. स्विच आमचा जुनाच, आठ पोर्टचा, गिगाबिट, साधा. मी दोन्ही पोर्टांतून स्विचला वायरी दिल्या आणि सेटिंगमध्ये ८०२.३एडी नावाचा प्रकार निवडला, कारण तोच सगळ्यांत भारी वाटला. नॅस चालतो, पण पिवळी खूण दाखवत राहतो, आणि कॉपीचा स्पीड एका वायरीवर होता तेवढाच आहे, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. नॅस देणारे म्हणतात, मॅनेज्ड (आतली सेटिंग बदलता येणारा) स्विच घ्या म्हणजे स्पीड दुप्पट होईल. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, मामा, दोन वायरींनी लूप होईल, एक काढून टाक. कुणाचं ऐकू? नाव छापू नका, नॅस देणारे ओळखीतले आहेत.
— एक वाचक, कराड

उत्तर : तूर्त दोघांचंही ऐकू नका आणि नवा स्विच तर मुळीच घेऊ नका. आहे तो स्विच तुमच्या कामाला पुरतो. गडबड आहे ती फक्त त्या भारी वाटलेल्या सेटिंगमध्ये.

आधी भाच्याचं बघू, कारण त्याची भीती खोटी नाही, नुसती चुकीच्या ठिकाणी आहे. लूप होतो तो स्विचच्याच दोन पोर्टांमध्ये रस्ता तयार झाला की. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली किंवा दोन साध्या स्विचांमध्ये ‘एकाला दोन असाव्यात’ म्हणून दोन वायरी टाकल्या, तर झालाच. मग ‘अमुक कोण आहे?’ असं सगळ्यांना विचारणारं एखादं पॅकेट त्या रस्त्याने फिरत राहतं, स्विच त्याची प्रत सगळ्या पोर्टांवर पाठवत राहतो, आणि ते थांबवायची अक्कल साध्या स्विचला दिलेलीच नसते. आमच्या नाशिकच्या एका क्लासमध्ये दिवाळीची साफसफाई झाल्यावर सगळ्यांचं नेट बसलं होतं. साफ करणाऱ्या मुलाने लोंबकळणारं एक टोक दिसलं म्हणून रिकाम्या पोर्टात नीट बसवून दिलं होतं. दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं. ओळखायची खूण सोपी आहे. एरवी स्विचचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. लूप झाला की सगळे एकदम, एकाच वेगाने, न थांबता फडफडतात.

नॅसच्या दोन वायरींनी मात्र असं होत नाही. नॅसला एका पोर्टातून जे येतं ते तो दुसऱ्या पोर्टातून पुढे सोडत नाही, त्याच्यापाशी आलेलं तिथेच संपतं. अपवाद एकच. काही नॅसमध्ये व्हर्च्युअल स्विच किंवा ब्रिज नावाची सोय असते, आणि ती चालू करून दोन्ही पोर्ट त्यात घातले तर नॅस स्वतःच एक स्विच बनतो. मग भाचा बरोबर. तुम्ही ती चालू केलेली नसेल, पण एकदा डोळ्यांखालून घाला.

आता त्या पिवळ्या खुणेकडे या. साधा स्विच काय करतो ते थोडं सांगते, म्हणजे सेटिंगमधली सहा नावं बघून गोंधळ उडणार नाही. प्रत्येक लॅन पोर्टाला कारखान्यातून एक मॅक अ‍ॅड्रेस मिळालेला असतो. स्विच आपल्याजवळ एक तक्ता ठेवतो : हा मॅक तीन नंबरच्या पोर्टावर दिसला, तो मॅक पाचवर. पॅकेट आलं की पाठवणाऱ्याचा मॅक आणि पोर्ट तक्त्यात लिहायचा, घेणाऱ्याचा मॅक तक्त्यात शोधून त्याच पोर्टावर सोडायचं, सापडला नाही तर सगळ्यांना वाटायचं. बस. त्याच्या दृष्टीने एक मॅक एका वेळी एकाच पोर्टावर असतो. तोच मॅक क्षणात तीनवर आणि क्षणात चारवर दिसू लागला, तर तो दर वेळी तक्त्यातलं जुनं खोडून नवं लिहितो आणि नॅसकडे जाणारा माल कधी या वायरीवर तर कधी त्या वायरीवर टाकतो.

८०२.३एडी, म्हणजे ज्याला एलएसीपी म्हणतात ते, हे टाळण्यासाठीच आहे. त्यात नॅस आणि स्विच एकमेकांशी बोलून ठरवतात की या दोन वायरी मिळून एक समजायची. हे काही नवं नाही, हे मानक २००० सालचं. २००८ पासून त्याला ८०२.१एएक्स हा वेगळा नंबर आहे, पण मेनूमध्ये अजून जुनंच नाव छापतात. अडचण अशी की बोलायला समोर कुणीतरी हवं. तुमचा नॅस दर थोड्या वेळाने ‘जोडी करायची का?’ असं विचारतो आणि साधा स्विच ते ऐकूनही गप्प बसतो, कारण ती भाषा त्याला येत नाही. नॅसच्या आत बहुधा लिनक्सच असतं. जोडी जमली नाही की लिनक्स प्रत्येक वायरीचा वेगळा गट करतं आणि त्यातला एकच गट चालू ठेवतं. म्हणून तुमचं काम अडलेलं नाही. दुसरी वायर नुसती खोचलेली आहे, आणि पिवळी खूण तेच सांगते आहे.

नॅस देणाऱ्यांचं अर्धवट खरं आहे ते इथे. मॅनेज्ड स्विच घेतला आणि त्यात एलएसीपी लावलं तर पिवळी खूण जाईल, दोन्ही वायरी चालू होतील. पण रिपचा कॉम्प्युटर एकटा बसून २ जीबीची टिफ उघडत असेल तर त्याला तेव्हाही ११०च मिळणार. कारणं दोन. एक, त्या कॉम्प्युटरला स्वतःला एकच गिगाबिट पोर्ट आहे. गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी; पॅकेटांवरचे पत्ते वगैरे वजा जाता हातात ११० ते ११८ पडतात, आणि तेवढे तुम्हाला आजच मिळतात. तुमचा नॅस पूर्ण वेगाने चालतो आहे, तक्रार करण्याजोगं त्यात काही नाही. दुसरं, एलएसीपी एका फायलीचे तुकडे करून दोन वायरींवर वाटत नाही. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता बघून गणित होतं, आणि ती अख्खी कॉपी एकाच वायरीवर टाकली जाते. रेल्वे रिझर्वेशनच्या दोन खिडक्या उघडल्या म्हणून एका माणसाचा फॉर्म दुप्पट वेगाने भरला जात नाही. दोन माणसांना मात्र एकमेकांसाठी थांबावं लागत नाही.

तुमच्या दुकानात हे थांबणं कधी होतं याचा विचार करा. वाढदिवसांचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स एकदम आले की तिघं डिझायनर मोठाल्या फायली उघडताहेत आणि रिप त्याच वेळी छापायची फाइल ओढतो आहे. तेव्हा एका वायरीवरचे ११० चौघांत वाटले जातात. दुसऱ्या वायरीचा उपयोग आहे तो त्या वेळी. आणि तो साध्या स्विचवरही होतो.

त्यासाठी निवडायचं ते अ‍ॅडाप्टिव्ह लोड बॅलन्सिंग. सिनॉलॉजीमध्ये याच नावाने असतं, क्यूनॅपमध्ये ‘बॅलन्स-एएलबी’ म्हणून. यात स्विचकडून कसलीच अपेक्षा नसते, सगळी हुशारी नॅसच करतो, आणि ती हुशारी मला फार आवडते, म्हणून सांगते. समजा नॅसचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.५० आहे. पहिला डिझायनर नॅसचा फोल्डर उघडतो तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आधी सगळ्यांना विचारतो, ‘१९२.१६८.१.५० कोण? मॅक सांगा.’ नॅस त्याला पहिल्या पोर्टाचा मॅक सांगतो. दुसऱ्या डिझायनरने हेच विचारलं की त्याला दुसऱ्या पोर्टाचा मॅक सांगतो. आयपी एकच, पण दोघांना कळलेले मॅक वेगळे. पहिल्याचा माल पहिल्या वायरीने नॅसकडे जातो, दुसऱ्याचा दुसऱ्या वायरीने. जाणारा माल तर नॅस हवा त्या पोर्टाने सोडतोच, आणि त्या त्या पोर्टाचाच मॅक लावून सोडतो. स्विचच्या तक्त्यात दोन पोर्टांवर दोन वेगळे मॅक, सरळ हिशेब. त्याला कळतही नाही की पलीकडे एकच यंत्र आहे.

याच्या मर्यादाही आहेत. येणाऱ्या मालाची ही वाटणी आयपीव्ही४ वरच, म्हणजे १९२.१६८ सारख्या पत्त्यांवरच होते. राउटरच्या पलीकडून, म्हणजे घरून किंवा इंटरनेटवरून नॅसला जे जोडले जातात, ते सगळे नॅसला राउटरच्या एकाच मॅकमागे दिसतात, म्हणून त्यांचा येणारा माल एकाच वायरीवर. आणि नॅसवर कुणी व्हर्च्युअल मशीन चालवत असेल तर एएलबीशी त्याचं नीट जमत नाही. तिथे मी सरळ अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय (एक वायर चालू, दुसरी राखीव) लावते. तुमच्याकडे त्यातलं काही असेल असं वाटत नाही.

मेनूमध्ये राउंड रॉबिन आणि बॅलन्स एक्सॉर अशीही नावं दिसतील. साध्या स्विचवर त्यांना हात लावू नका. त्यात दोन्ही वायरींवर एकच मॅक जातो, म्हणजे मघाचा तो तक्त्यातल्या खाडाखोडीचा प्रकार. कधी चालेल, कधी अडखळेल, आणि दोष मात्र बिचाऱ्या केबलवर जाईल. ही दोन्ही अशा स्विचसाठी आहेत ज्यात पोर्टांची जोडी हाताने बांधता येते. बाजारात ‘स्मार्ट’ म्हणून मिळणाऱ्या मधल्या दर्जाच्या काही स्विचांत तेवढंच असतं, हाताने बांधलेली जोडी, एलएसीपी नाहीच. नॅस देणाऱ्यांनी उद्या तसला स्विच गळ्यात मारला तर तुमची पिवळी खूण जशीच्या तशी राहील. तेव्हा पुढेमागे घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावरचं ‘मॅनेज्ड’ वाचून भुलू नका, माहितीपत्रकात एलएसीपी शब्द आहे का ते बघा.

बदल दुकान बंद झाल्यावर करा. नॅसचा आयपी आधी कागदावर लिहून ठेवा. बहुतेक नॅसमध्ये कंट्रोल पॅनेल, मग नेटवर्क, तिथे बॉण्ड किंवा पोर्ट ट्रंकिंग (पोर्टांची जोडी) असं सापडेल. प्रकार जागच्या जागी बदलता येत नसेल तर जुना बॉण्ड काढून नवा करावा लागेल. तेवढ्यात नॅस क्षणभर गायब होतो, घाबरू नका. आयपी हाताने पक्का द्या, राउटर आपोआप वाटतो त्या रांगेच्या बाहेरचा. राउटरमध्ये मॅक बघून आयपी राखून ठेवला असेल तर बॉण्ड झाल्यावर तो पुन्हा तपासा, कारण बॉण्डचा मॅक आता तुम्ही राखलेल्या पोर्टाचाच असेल असं नाही. आयपी बदलला की सकाळी पाचही कॉम्प्युटरांवरचे ‘झेड ड्राइव्ह’ लाल फुलीसकट स्वागताला उभे राहतात, आणि तुमचा पहिला तास तिथे जातो. गेटवे, म्हणजे बाहेर जायला राउटरचा पत्ता, एकच द्या.

मग तपासणी. एका कॉम्प्युटरवर कॉपी करून काहीच कळणार नाही, ११० दिसतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दोन कॉम्प्युटरांवर एकाच वेळी, नॅसवरून दोन वेगवेगळ्या मोठ्या फायली ओढा, चारेक जीबीच्या. हजार छोट्या जेपीजींचा फोल्डर घेऊ नका, त्यात वेळ फायली उघडण्या-मिटण्यातच जातो. दोघांना शंभरच्या वर मिळाले तर दोन्ही वायरी कामाला लागल्या. दोघांना पन्नास-साठ मिळाले तर दोघं एकाच वायरीवर आलेत. तिसऱ्या कॉम्प्युटरवरून करून बघा. नॅसच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये लॅन १ आणि लॅन २ वेगवेगळे दिसतात, ते उघडं ठेवलं तर नुसतं बघूनही कळतं. डिस्क जुन्या आणि भरत आलेल्या असतील तर चौघांनी एकदम ओढताना अडथळा वायरीचा नसून डिस्कचाच असू शकतो, हेही ध्यानात असू द्या. कॉपी चालू असतानाच एक वायर उपसून बघा. क्षणभर अडखळून पुढे चालू राहिली पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व तुम्हाला पटेल, कारण प्रिंटिंगच्या दुकानात उंदीर असतातच आणि त्यांना केबलचं वरचं कव्हर आवडतं. म्हणून दोन वायरी एकाच पाइपातून नेऊ नका. दोघी एकाच ठिकाणी कुरतडल्या गेल्या तर दोन असून उपयोग काय? शक्य असेल तर एक वायर दुसऱ्या स्विचमध्ये द्या. एएलबी आणि अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय, दोन्हीला ते चालतं, फक्त त्या दोन स्विचांमध्ये आपापसांत वायर एकच हवी. नॅसला समजतं ते आपल्या पोर्टाची वायर जिवंत आहे की मेली एवढंच. दोन स्विचांमधली वायर गेली तर नॅसच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

स्विचचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. तुमचे सगळे कॉम्प्युटर त्या आठ पोर्टच्या स्विचवरच आहेत ना? पुष्कळ दुकानांत नॅस वरच्या मजल्यावर मालकांच्या केबिनमध्ये असतो, डिझायनर खाली, आणि खाली-वर एकेक स्विच, मध्ये एक वायर. तसं असेल तर नॅसला दोन काय, चार वायरी द्या. तरी खालच्या चौघांना मधल्या एका वायरीचेच ११० वाटून घ्यावे लागणार. आणि तिथे दुसरी वायर टाकायची नाही, ते भाच्याचं क्षेत्र. नॅसच खाली आणा, डिझायनर आहेत त्या स्विचवर.

एका कॉम्प्युटरलाच जास्त स्पीड हवा असेल, म्हणजे तुमच्या बाबतीत रिपला, तर रस्ते दोन आहेत. पहिला एसएमबी मल्टिचॅनल. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये आहे, नॅसमध्ये बहुतेक ठिकाणी टिक करायची चौकट असते. यात विंडोज एकच कॉपी दोन्ही वायरींवर खरोखर वाटतं, आणि स्विच साधाच चालतो. पण रिपला दुसरं लॅन कार्ड लागेल, नॅसवरचा बॉण्ड मोडून पोर्ट सुटे ठेवावे लागतील, आणि मी दोन्हींना वेगळे सबनेट (पत्त्यांचे गट) देते : पहिल्या जोडीला १९२.१६८.१, दुसऱ्या जोडीला १९२.१६८.२. रिप अजून विंडोज ७ वर असेल, आणि फ्लेक्सवाल्यांकडे सॉफ्टवेअरच्या डोंगलपायी तो असतोच, तर हे विसरा, त्यात ती सोय नाही.

दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे. नॅसच्या मागे पोर्टाशेजारी २.५जी लिहिलंय का बघा. अलीकडच्या बऱ्याच नॅसना असतं आणि घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण साध्या गिगाबिट स्विचला जोडलं की तो निमूट गिगाबिटवर उतरतो. तसं असेल तर पैसे मॅनेज्डवर न घालता २.५ गिगाबिटच्या पाच पोर्टच्या साध्या स्विचवर घाला. नॅस आणि रिप त्यावर, रिपला यूएसबीवर चालणारं २.५जी अडॅप्टर, निळ्या सॉकेटमध्येच लावायचं. जुना आठ पोर्टचा स्विच त्याला एका वायरीने जोडायचा. कॅट ५ई केबल बदलायची गरज नाही; हे मानक, ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं तेच मुळी भिंतीत आधीपासून असलेल्या कॅट ५ईवर १०० मीटर चालावं म्हणून. डिस्क दमल्या नाहीत तर रिपला सेकंदाला २८० एमबीच्या आसपास दिसतात. १८ सेकंद लागणारी २ जीबीची फाइल सात-आठ सेकंदांत. गिगाबिटच्या दोन वायरींच्या कुठल्याही बॉण्डने रिपला हे दिलं नसतं.

नॅस देणाऱ्यांना दुखवायचं नसेल तर त्यांच्याकडून यूपीएस घ्या, यूएसबीने नॅसशी बोलणारा. लोडशेडिंगमध्ये बॅटरी संपत आली की नॅस स्वतः नीट बंद होतो. आणि एक मोठी बाहेरची डिस्क घ्या, रोज रात्री नॅसची प्रत उतरवायला. चार डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असा तुमचाही समज असेल; रेडमुळे, म्हणजे डिस्क एकत्र बांधायच्या पद्धतीमुळे, डिस्क मेली तर काम चालू राहतं, पण डिझायनरने फोल्डर उडवला तर तो चारही डिस्कवरून एकदम उडतो.

प्रश्न : माझ्या नॅसला चार लॅन पोर्ट आहेत. बॉण्डच्या भानगडीत न पडता मी चारही पोर्ट साध्या स्विचला जोडले आणि चार वेगवेगळे आयपी दिले, १९२.१६८.०.११ ते १४. चार विभागांना चार आयपी वाटून दिले. मॉनिटरमध्ये मात्र बाहेर जाणारा जवळपास सगळा माल लॅन १ मधूनच जाताना दिसतो. पोर्ट खराब असतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पोर्ट उत्तम आहेत. चारही आयपी एकाच सबनेटमध्ये आहेत, आणि लिनक्स बाहेर माल पाठवताना ‘विचारणा कुठल्या पोर्टावर आली’ हे बघत नाही, ‘या सबनेटला जायचा रस्ता कोणता’ हे बघतं. रस्त्यांच्या यादीत पहिला सापडतो लॅन १ चा. भरीला, मूळ सेटिंगमध्ये लिनक्सचा कोणताही पोर्ट कोणत्याही आयपीबद्दल ‘मीच तो’ असं उत्तर देतो. १३ नंबर मागणाऱ्याला लॅन १ चा मॅक मिळाला तर तोही लॅन १ वरच येणार. तुम्ही कागदावर केलेली वाटणी नॅसला मान्यच नाही.

काही नॅसमध्ये ‘मल्टिपल गेटवे’सारखी सोय असते, ती चालू केली की ज्या आयपीवर विचारणा आली त्याच पोर्टातून उत्तर जातं. पण तुमच्या जागी मी चारही पोर्टांचा एक एएलबी बॉण्ड करेन आणि चार विभागांना एकच आयपी देईन. वाटणी नॅस करेल, आणि एखादा पोर्ट बंद पडला तर अख्खा विभाग हातावर हात ठेवून बसणार नाही. विभाग खरोखरच वेगळे ठेवायचे असतील, एकाला दुसऱ्याचं दिसूच नये असं, तर ते काम साध्या स्विचचं नव्हे. तिथे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) येणारा स्विच घ्या, तो पैसा सत्कारणी लागेल.

प्रश्न : मी घरून एकटाच व्हिडिओ एडिटिंग करतो. नॅसला दोन पोर्ट आहेत. एक स्विचमध्ये ठेवून दुसरा थेट माझ्या कॉम्प्युटरला जोडला तर चालेल का? क्रॉस केबल लागेल का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : चालेल, आणि एकट्याच्या कामाला हे झकास. क्रॉस केबलचे दिवस गेले; गिगाबिटचे पोर्ट सरळ-उलट स्वतः ओळखतात. थेट जोडलेल्या पोर्टाला नॅसवर १०.१०.१०.१ द्या, कॉम्प्युटरवर १०.१०.१०.२, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची जागा दोन्हीकडे कोरी. तिथे काही भरलंत तर कॉम्प्युटर इंटरनेट नॅसमधून शोधत बसेल. एडिटिंगचा फोल्डर जोडताना नॅसचं नाव न लिहिता हा आयपी लिहा. नाव लिहिलं तर विंडोज स्विचच्या वाटेने जाऊ शकतं आणि ही वायर रिकामी राहते.

प्रश्न : नॅस गिगाबिट, स्विच गिगाबिट, कॉम्प्युटर नवा. तरी कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही. दोन पोर्टांचा बॉण्ड करून काही फरक पडेल का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही. ११ हा आकडाच सांगतो की मधली कुठलीतरी कडी १०० मेगाबिटवर आहे. कॉम्प्युटरच्या लॅनच्या स्टेटसमध्ये स्पीड काय लिहिलाय ते बघा, मग स्विचवर त्या पोर्टाच्या दिव्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा आहे का ते बघा. एक खात्रीची पॅच कॉर्ड आणून नॅस आणि कॉम्प्युटर स्विचशेजारीच जोडून बघितलंत की दोष यंत्रांचा की भिंतीतल्या केबलचा, तेही कळेल. नव्याण्णव टक्के भिंतीतलीच निघेल.

१०० मेगाबिटला केबलच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली असेल तर नेट चालतं, प्रिंट निघते, कुणाला काही जाणवत नाही, फक्त वेग दहापटीने कमी. दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवीन क्रिंप करा. आत तार तांब्याच्या मुलाम्याची अ‍ॅल्युमिनियमची असेल, स्वस्त केबलमध्ये हमखास असते, तर ती वाकवताना तुटते. चाकूने जरा खरवडलं की आतली पांढरी धातू दिसते. तसं निघालं तर ती केबलच बदला. आणि टेबलाजवळचा आयओ बॉक्स, म्हणजे लॅनचं सॉकेट, उघडून बघा. इलेक्ट्रिशियनने एकाच केबलच्या दोन जोड्या एका कॉम्प्युटरला आणि उरलेल्या दोन दुसऱ्याला दिलेल्या मला बऱ्याच ऑफिसांत सापडल्या आहेत, आणि तशी केबल असेल तर दुसरी ओढल्याशिवाय गत्यंतर नाही.